सतरा नंबर गैरहजर

डॉक्टरांची चिठ्ठी औषधवाल्याने तीन वेळा वाचली. एकदा चष्मा लावून, एकदा काढून, आणि एकदा दुकानाबाहेर उजेडात येऊन. मग म्हणाला, "सर, पहिली दोन औषधं देतो. हे तिसरं काय आहे?"

तिसरं काय आहे ते मला दवाखान्यातच कळलं होतं. पण एकोणचाळीस वर्षं शाळेत "स्वतः वाचायचा प्रयत्न कर" असं सांगत आलेल्या माणसाच्या तोंडून उत्तर चटकन निघत नाही. मी म्हटलं, "लावा अक्षर."

"मा... ती. माती. रोज अर्धा तास." त्याने मागच्या कपाटाकडे एक नजर टाकली. "ही आमच्याकडे येत नाही."

औषध आमच्या नातीचं होतं. वय वर्षं सात. घरात तिला सगळे बाईसाहेब म्हणतात, कारण ती कोणाचीही चूक दाखवताना वय बघत नाही. तिला सकाळी उठल्याबरोबर पाच शिंका यायच्या, दोन घासांत पोट भरायचं, आणि झोप येण्यासाठी तिच्यापेक्षा आम्हालाच जास्त मेहनत करावी लागायची. डॉक्टरांकडची ही तिसरी फेरी. त्यांनी तिला तपासलं आणि मला म्हणाले, "हिला काही झालेलं नाही. हिच्या आजूबाजूला काही नाही, हा आजार आहे. घरच्या फरशीवरून गाडीत, गाडीतून शाळेच्या फरशीवर, तिथून परत घरच्या फरशीवर. जमिनीला पाय कधी लागतो पोरीचा? दोन महिन्यांनी आणा. फरक नसेल तर रक्त काढून तपासण्या करू."

रक्त म्हटल्याबरोबर बाईसाहेबांनी माझा हात घट्ट धरला. बाहेर आल्यावर म्हणाली, "आजोबा, माती कुठे मिळते?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. या वेळी कारण वेगळं होतं. मलाही माहीत नव्हतं.

आमच्या इमारतीच्या आवारात माती शोधणं म्हणजे टकलावर भांग शोधणं. सगळीकडे फरशी. झाडं आहेत, पण त्यांच्या गळ्यापर्यंत सिमेंट. शेवटी मागच्या बाजूला, पाण्याच्या पंपाच्या खोलीशेजारी, एक तुकडा सापडला. फरशा बसवताना कंत्राटदाराच्या फरशा तिथे संपल्या होत्या, आणि उरलेल्या आणतो म्हणून गेलेला माणूस अजून परतायचा होता. सहा पावलं लांब, चार पावलं रुंद. टाकी भरून वाहिली की तिथे ओल राहायची.

पहिल्या दिवशी बाईसाहेब त्या तुकड्याच्या कडेला बूट घालून उभ्या राहिल्या. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "इथे तर काहीच नाही."

खरं होतं. माती अशी स्वच्छ होती, की आमच्या स्वयंपाकघराने लाजावं. त्याचं श्रेय झाडूवाल्या मावशींना. चौदा वर्षांत त्यांनी त्या मातीवर एक पान रात्रभर राहू दिलं नव्हतं, आणि गवताचं एक पातं गुडघ्याएवढं सोडाच, नखाएवढं होऊ दिलं नव्हतं.

तेव्हा माझ्या मनात तो प्रकल्प आला, ज्याने पुढे माझी झोप, माझे गुडघे आणि माझी अब्रू या तिन्हींची परीक्षा पाहिली. प्रकल्प असा, की तिथे काहीही करायचं नाही. पेरायचं नाही, खणायचं नाही, झाडायचं नाही. फक्त रोज जाऊन बघायचं, कोण येतं ते.

वाचकांना वाटेल, यात अवघड ते काय? मलाही तसंच वाटलं होतं.

पहिला अडथळा मावशी. मी त्यांना म्हटलं, "मावशी, तेवढा तुकडा उद्यापासून झाडू नका."

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. "माझं काही चुकलं का सर?"

"चुकलं नाही. तुम्ही फार चांगलं झाडता, म्हणून."

"चांगलं झाडते म्हणून झाडू नको? असं कोणी बोललं नव्हतं मला आजपर्यंत. तुमच्या वर्गात एखादं पोर चांगलं लिहीत असलं की तुम्ही त्याची पाटी काढून घेत होता का?"

मी नातीची गोष्ट सांगितली. मावशींनी ऐकून घेतली, मान हलवली, आणि पुढचे चार दिवस त्या तुकड्यापाशी आल्या की तोंड दुसरीकडे करून जायच्या. पाचव्या दिवशी त्यांचा धीर सुटला. मी खाली उतरलो तेव्हा तुकडा आरशासारखा लखलखीत, आणि मावशी अपराध्यासारख्या उभ्या. "हात गेला सर," एवढंच म्हणाल्या. आमचा प्रकल्प पुन्हा पहिल्या दिवसावर आला.

दरम्यान बातमी इमारतीत पसरली होती. दुसऱ्या मजल्यावरचे विमावाले मला जिन्यात गाठून म्हणाले, "सर, साप येणार. आज ना उद्या. गवत, मग बेडूक, मग साप, हा क्रम आहे." मी म्हटलं, "क्रम बरोबर आहे, पण सहा बाय चार पावलांत सापाने वळायचं कुठे?" त्यांना हे पटलं नाही. ज्या माणसाचं पोट दुसऱ्याच्या भीतीवर चालतं, त्याला धीर देऊ नये. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी गुलाब लावा म्हणून सांगितलं. एकाने प्लॅस्टिकच्या हिरव्या गवताची गुंडाळी देऊ केली. "बारा महिने हिरवं, पाणी नको, किडे नकोत." आमची ही गॅलरीतून सगळं ऐकत होती. मला म्हणाली, "अहो, काही करायचं नाही यासाठी तुम्ही किती धावपळ करता. नोकरीत असताना एवढी केली असती तर मुख्याध्यापक झाला असता."

मग आमचे सेक्रेटरी आले. स्वभावाने गृहस्थ वाईट नाहीत, पण अपुरं काम दिसलं की त्यांच्या अंगाला खाज सुटते. तो तुकडा म्हणजे त्यांच्या कारकिर्दीवरचा डाग. "सर, नकाशात ती जागा फरशीची आहे. मी उरलेल्या फरशा मागवल्या आहेत. तुम्हाला मातीच ठेवायची असेल तर पालिकेच्या कार्यालयाची परवानगी आणा."

कार्यालयातल्या खिडकीपलीकडच्या बाईंनी माझा अर्ज उलटसुलट पाहिला.

"कामाचं स्वरूप लिहिलेलं नाही."

"काम नाहीच आहे. जागा आहे तशी ठेवायची आहे."

"मग ठेवा."

"सेक्रेटरी ठेवू देत नाहीत. परवानगी आणा म्हणतात."

"कशाची?"

"काही न करण्याची."

बाईंनी मागच्या टेबलाला विचारलं. मागच्या टेबलाने त्याच्या मागच्या टेबलाला. प्रश्न भिंतीपर्यंत गेला आणि उत्तर होऊन टेबलाटेबलाने परत आलं. "काही न करण्यासाठी वेगळा अर्ज नसतो," बाई म्हणाल्या. "ते आपोआप होतं." आणि हे त्या दीर्घ अनुभवाच्या अधिकाराने म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून त्यांना दया आली असावी. "तुम्ही शिक्षक होता ना? मग शैक्षणिक उपक्रम लिहा. त्याला कोणी नाही म्हणत नाही."

मी लिहिलं. त्या दोन शब्दांनी पुढे काय वाढून ठेवलं होतं याची मला कल्पना असती, तर मी प्लॅस्टिकचं गवत घेतलं असतं.

मावशींच्या त्या झाडलोटीनंतर अकराव्या दिवशी पहिलं पान आलं. लहान, गोल, हिरवं, मोहरीच्या दाण्याएवढं. बाईसाहेबांनी ते प्रथम पाहिलं आणि पहिल्यांदाच बूट काढून मातीवर पाय ठेवला, कारण बुटाखाली ते आलं असतं. "हे कोणी लावलं?"

"कोणीच नाही. स्वतः आलंय."

"मग आपण याचं नाव लिहून घेऊ. नाहीतर उद्या विसरू."

आता माझ्यातला शिक्षक कसा गप्प बसेल? मी दुकानातून खराखुरा हजेरीपट आणला. लाल बांधणीचा, रकाने आखलेला, शेवटी वर्गशिक्षकाच्या सहीची जागा असलेला. नियम एकच ठरवला. जो जिवंत आहे आणि स्वतःच्या पायाने किंवा मुळाने इथे आला, त्याला नंबर.

"मग आपण?" बाईसाहेबांनी विचारलं.

"आपण नाही. आपण शिकवणारे."

तिने माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं.

रोज सकाळी शाळेआधी हजेरी सुरू झाली. पहिल्या आठवड्यात ती एकटी होती. मग इमारतीतली आणखी पोरं आली, सहा-सात झाली. एक नंबर गोलपान्या. सहा नंबर मुंग्या, सगळ्यांना मिळून एकच, भांडण नको म्हणून. बारा नंबर गोगलगाय, शेरा "नेहमी उशिरा". सतरा नंबर केसाळ काका, म्हणजे एक काळाभोर सुरवंट. एकतीस नंबर कोळ्याची बायको आणि बत्तीस नंबर तिचा नवरा. मी नावं सांगायच्या आधी मुलांना बघायला लावायचो. पाय किती, खातो काय, पानाच्या वर बसतो की खाली. एखाद्याला उत्तर यायला तीन दिवस लागायचे. लागू देत. गोलपान्याला उगवायला अकरा लागले होते.

याच काळात माझ्या अब्रूचा तो प्रसंग घडला. बारा नंबर वाट ओलांडत होती, आणि ती कशी चालते हे मुलांना दाखवायला मी उकिडवा बसलो. गोगलगायीला एक वीत जायला किती वेळ लागतो हे मी पुस्तकात वाचलं होतं, गुडघ्यांनी अनुभवलं नव्हतं. मुलं शाळेला गेली. गोगलगाय पोचली. मला उठता येईना. विमावाल्यांनी मला पाहिलं आणि धावत आले. "सर, छातीत दुखतंय का? डावा हात जड वाटतो का?" मी म्हटलं, "गुडघे." पण त्यांनी चार माणसं गोळा केली होती, आणि चार माणसं गोळा झाली की काहीतरी उचलावंच लागतं. त्यांनी मला त्याच बैठ्या अवस्थेत, कपाट वर न्यावं तसं, जिन्यावरून नेलं. "डावीकडून घ्या, कोपरा लागेल." माझ्या ओंजळीत बारा नंबर होती, कुणाच्या पायाखाली यायला नको म्हणून. हिने दार उघडलं.

"वहिनी, कुठे ठेवायचं?" एकाने विचारलं.

"राहू द्या दारातच," ही म्हणाली. "माती वाळली की बघू."

पण खरी परीक्षा सतरा नंबरची होती. एका सकाळी बाईसाहेबांच्या डोळ्यांदेखत चिमणीने केसाळ काकांना उचलून नेलं. पोरीने तेव्हाच्या तेव्हा हजेरीपट मिटला. शाळेत गेली नाही, जेवली नाही. "तुमच्या मातीत असं होतं," एवढंच म्हणाली. मला वाटलं, संपलं. दोन महिन्यांतले पाच आठवडे गेले होते आणि आता सुईच.

मी काही समजावलं नाही. दुपारी तिला नुसतं खाली नेलं आणि पंपाच्या खोलीबाहेर उभं केलं. तिथल्या तुटक्या पाइपात चिमणीचं घरटं होतं. चिमणी आली, आत तीन लाल तोंडं उघडली. चोचीत होता तो एक हिरवा, कोणा दुसऱ्या वर्गातला सुरवंट. बाईसाहेब मान वर करून अर्धा तास उभ्या होत्या. मग हजेरीपट उघडून तिने पेन्सिलीने लिहिलं: "१७. गैरहजर. चिमणीच्या पिल्लात गेला." आणि त्या दिवशी ती पूर्ण जेवली. इतकं, की ही मला म्हणाली, "आज काय सुरवंट बघून भूक लागली का हिला?"

आता कार्यालयाकडे वळू, कारण कार्यालय आमच्याकडे वळलं. पत्र आलं, की आपल्या शैक्षणिक उपक्रमाच्या हजेरीची प्रत सादर करावी. हजेरी मागितली याचा मला कोण आनंद झाला. मी सगळ्या पानांच्या प्रती काढल्या, टाचणी लावली आणि अभिमानाने देऊन आलो.

चौथ्या दिवशी सेक्रेटरी हातात कागद घेऊन धापा टाकत आले. "सर, हे काय चालवलंय तुम्ही? नोटीस आलीय."

नोटीस मी शब्दशः देतो. "सदर जागेचे क्षेत्र अंदाजे सहा बाय चार पावले असून पटसंख्या त्रेचाळीस दिसते. स्वच्छतागृह नाही. विद्यार्थी क्रमांक १७ हा चिमणीच्या पिल्लात गेल्याचे, तसेच क्रमांक ३२ यास क्रमांक ३१ ने खाल्ल्याचे नमूद आहे. पालकांना कळवल्याची नोंद आढळत नाही. तरी प्रत्यक्ष तपासणी करण्यात येईल. त्रुटी आढळल्यास उपक्रम बंद करण्यात येईल."

"बंद झाला, की मी त्याच दुपारी फरशा बसवून घेतो," सेक्रेटरी म्हणाले. फरशा आल्याही होत्या. त्यांची चळत तुकड्याच्या कडेला दहा दिवस उभी होती.

बाईसाहेबांनी नोटीस ऐकली. "बंद म्हणजे आपलं औषध बंद?"

"बघू," मी म्हटलं. एवढं निरुपयोगी उत्तर मी आयुष्यात कोणत्याही मुलाला दिलं नव्हतं.

तपासणीला साहेब आले ते फाइल छातीशी धरून. किरकोळ, गंभीर माणूस. सेक्रेटरी, विमावाले, मावशी, गॅलरीत आमची ही, सगळा दरबार भरला.

"गुरुजी, विद्यार्थी कुठे आहेत?"

मी तोंड उघडायच्या आत बाईसाहेब पुढे झाल्या. "बूट काढून या. नाहीतर पायाखाली येतील."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, तुकड्याकडे पाहिलं, फाइलकडे पाहिलं. मग बूट काढले. मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, म्हणून मोजेही काढले.

हजेरी सुरू झाली. साहेब फाइलमधला एकेक नंबर वाचायचे आणि बाईसाहेब बोट दाखवायच्या. सहा नंबरला साहेबांनी एक पाय पटकन उचलला. "हजर आहेत," ते म्हणाले. बारा नंबर उशिरा आली. एकतीस नंबरच्या जाळ्यापुढे ते उकिडवे बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. उठले ते मात्र सहज, आधाराशिवाय. मला त्यांचा हेवा वाटला.

"अकरा नंबर चार दिवस गैरहजर. कारण लिहिलेलं नाही."

"तो कोशात आहे," बाईसाहेबांनी पानाखाली दाखवलं. "बाहेर आला की तो वेगळा दिसणार आहे. मग नंबर तोच द्यायचा की नवा, ते आजोबा सांगत नाहीत. म्हणतात, तू ठरव."

साहेबांनी यावर खरोखर विचार केला. "नंबर तोच," ते म्हणाले. "शेरा बदला."

"साहेब, हा सगळा पोरखेळ आहे," सेक्रेटरींना राहवलं नाही. "माणसाचं एक पोर पटावर नाही. तुम्ही नुसतं हो म्हणा, या फरशा तासाभरात..." आणि त्यांनी चळतीच्या कडेला जमिनीवर पडलेली एक सुटी फरशी उचलली.

तिच्याखाली एक बेडूक बसला होता. जाडजूड, खरबरीत, जागेवरून न हलणारा. त्याने सेक्रेटरींकडे अशा नजरेने पाहिलं, की अर्ज घेऊन या.

विमावाले दोन पावलं मागे सरले. "मी क्रम सांगितला होता."

"साहेब, फरशी ठेवा खाली," मावशी सेक्रेटरींना म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण हातात झाडू होता. "हळू ठेवा. त्याला पटावर घ्यायचंय अजून." चौदा वर्षं त्या मातीवर पान न ठेवणारी बाई बेडकासाठी उभी राहिली होती. सेक्रेटरींनी फरशी बाळासारखी खाली ठेवली.

साहेबांनी फाइल मिटली. "नियम असा आहे. सत्र चालू असताना शैक्षणिक जागेत बांधकाम करता येत नाही."

"मग सत्र संपतं कधी?" सेक्रेटरींनी विचारलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाईसाहेबांकडे पाहिलं. "स्वतः विचार करून सांग," मी म्हटलं, आणि एकोणचाळीस वर्षांत हे वाक्य उच्चारताना उत्तर काय येईल ते मला पहिल्यांदाच माहीत नव्हतं.

तिने हजेरीपटाची पानं उलटली. रविवारचे रकाने पाहिले. सगळे भरलेले होते.

"यांना सुट्टी नसते," ती म्हणाली.

साहेबांनी ते लिहून घेतलं. सत्र: अखंड. त्रुटी: एक विद्यार्थी नोंदीविना आढळला, फरशीखाली. सूचना: तातडीने पटावर घ्यावा. मग बूट हातात घेऊन, अनवाणीच, फाटकापर्यंत गेले.

दोन महिन्यांनी डॉक्टरांकडे गेलो. चमत्कार काही झालेला नव्हता. पाचातल्या दोन शिंका अजून येतात. पण वजन वाढलं होतं, आणि अंथरुणाला पाठ लागली की पोर झोपत होती. डॉक्टरांनी तिची नखं पाहिली. काळीभोर. "औषध चालू ठेवा," म्हणाले. सुईचा विषय त्यांनी काढला नाही, आणि आम्हीही आठवण करून दिली नाही. येताना औषधवाल्याने हाक मारली. त्याच्या घरीही एक शिंकणारं पोर होतं. ते आता रोज सकाळी हजेरीला येतं.

सेक्रेटरींचं म्हणाल, तर ते संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर चळतीपाशी वाकून बेडूक आहे का बघतात. विचारलं तर म्हणतात, फरशा मोजतोय.

आठवडाअखेरीला हजेरीपट सहीसाठी माझ्याकडे येतो. परवा उघडला तर पट वाढलेला. चव्वेचाळीस नंबर बेडूक. पंचेचाळीस मावशी. सेहेचाळीस सेक्रेटरी, शेरा "फक्त संध्याकाळी". सत्तेचाळीस आजी, शेरा "गॅलरीतून". आणि अठ्ठेचाळीस आजोबा. हजर. शेरा "गुडघे गैरहजर".

"अगं, मी शिकवणारा," मी म्हटलं. "माझं नाव इकडे, सहीच्या जागी."

"तुम्ही जिवंत आहात ना?"

"आहे."

"स्वतःच्या पायांनी खाली येता ना? तो एक दिवस सोडून?"

"येतो."

"मग नियम तुम्हीच केलाय," बाईसाहेब म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नंबर पुकारायला सुरुवात केली, तेव्हा मी चपला काढल्या आणि मुंग्यांच्या शेजारी, रांगेत उभा राहिलो. अठ्ठेचाळीस यायला वेळ लागला. आला तेव्हा मी मोठ्याने "हजर" म्हटलं. मुंग्यांनी सरकून मला जागा करून दिली असं मला वाटलं. चावल्या त्या नंतर.